डावी कड

विश्व वाचवायला मधू टोकेकरनं
एकूण तेवीस जण नेमले.
मी म्हटलं, सात पुरेत रे,
सातांची तोंडं तरी वेगळी काढता येतील.
तो म्हणाला, विश्व केवढं आहे, बघितलंयस?

जेल रोडवर कासमभाईंच्या छापखान्याचा माळा.
खाली लग्नपत्रिकांचं मशीन धडधडे,
त्यामुळे आमच्या शनीची कडी
कायम जराशी थरथरलेली.
माझं काम फुगे. पानाला दीड रुपया.
तो माणसं उभी करायचा,
मी त्यांना बोलतं करायचे.

कृत्तिका सहा देहांची,
सहाही एकदम बोलत, आणि प्रत्येकीला शेवटचा शब्द हवा.
गुरुत्वाचार्य आले की पानावरची अक्षरं
तळाशी घसरत. ती तशी घसरवण्यात
माझा अख्खा रविवार जाई.
मंगळावरचा एक दगड होता, सभासद क्रमांक नऊ,
दर ठरावाच्या विरोधात मत द्यायचा.
आणि धूमकेतू. पहिल्या अंकात येऊन गेला,
पुढचं येणं सत्त्याहत्तराव्या अंकात,
असं मधूनं वहीत लिहूनच ठेवलं होतं.

तेजोमेघ कसा रंगवायचा, मी विचारलं.
मधू मला खान नदीच्या पुलावर घेऊन गेला.
गिरण्यांनी सोडलेलं पाणी त्या दिवशी जांभळं होतं,
कडेनं हिरवट.
नाकाला रुमाल लावून म्हणाला,
हे घे. अस्साच.

मग देवासहून पोस्टकार्ड आलं,
निरंजन शेजवळ, इयत्ता सातवी.
«माझ्या अंकात पान बारावर डावीकडे
निळ्या टोपीचा एक माणूस आहे.
वसंताच्या अंकात नाही.
तो कुठे गेला ते कळवावे.»

आम्ही गठ्ठे सोडले.
एका अंकात नुसतं कोपर.
एकात टोपीची कड.
बाकी सगळ्यांत काहीच नाही,
कासमभाईंचं पातं सरळ चालून गेलेलं.
वाकडा कापला गेलेला एखादाच गठ्ठा,
त्यात तो सबंध.

मूळ चित्रांवर तर तो पहिल्यापासून होता.
सतरावा. दर वेळी अगदी डावीकडे,
आपल्याकडे पाठ, तोंड पानाबाहेर.
मी त्याला कधी फुगा दिला नव्हता,
म्हणून बघितलाही नव्हता.

याची शक्ती काय, मी विचारलं.
मधू ब्रश धूत राहिला.
बाईसजण आत भांडत असतात,
दाराशी कुणीतरी नको?
ती टोपी मी ओळखली.
टोकेकरांच्या घरी ती खुंटीला असायची
दुसरी पाळी सुटल्यावर.
त्या वर्षापासून दिवसभर खुंटीलाच असे.

अंक एकतीसवर संपले.
कागद महागला, म्हणालो आम्ही सगळ्यांना.
शेवटचा अंक मधूनं न कापताच काढायला लावला.
कासमभाई चिडले, भिया, गिऱ्हाईक शिव्या घालेल.
घातल्याच. पानं जोडलेली, कडा दातेरी,
वाचणाऱ्यानं घरची सुरी घेऊन बसायचं.

त्या अंकात मी सतराव्याला फुगा काढला,
एकच, बराच मोठा.
पण तो बाहेर तोंड करून उभा,
शेपटी त्याच्या ओठांकडे नेली
तर फुगा कागदापलीकडे गेला.
अर्धा टेबलावरच राहिला, शाईचा,
पुसला तरी बरेच दिवस दिसायचा.

धूमकेतू अजून वाटेत असेल.
कुणी कळवलं नसणार त्याला.

आता मी बँकेत फॉर्म भरते,
ठळक, सुट्या अक्षरांत, हात अजून बसलेला आहे.
काउंटरवरचा पोरगा विचारतो,
मावशी, इथं डावीकडे एवढी जागा का सोडली?
मी म्हणते, राहू दे.
माणूस उभा आहे तिथं.